आमचे घरगुती संकलन-खाते

आमच्या घरातील लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट वर्षानुवर्षे पडून होती. १९९६ साली ताईचे लग्न झाले, त्याचे ते तीन तासांचे चित्रण. त्यात आमचे वडील आहेत आणि मुख्य म्हणजे त्यांचा आवाज आहे. ताईसाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टके रचली होती आणि स्वतःच खड्या आवाजात म्हटली होती. २००३ साली वडील गेले. घरातला व्हीसीआर त्याआधीच बंद पडला होता. कॅसेट राहिली; ती पाहण्याची सोय राहिली नाही.

गेल्या वर्षी आईचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले. ताईने पुण्याहून फोनवर हुकूम सोडला, "अरे, त्या दिवशी आईला बाबांचा आवाज ऐकवायचा. ती कॅसेट आणि सगळ्यांच्या फोनमधली चित्रणं जोडून तासाभराचा चित्रपट कर."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. वृत्ते, अलंकार आणि संतवाङ्मय यांच्याशी माझा घरोबा. संगणकाशी संबंध प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता. पण मातृभक्ती आणि अज्ञान एकत्र आले की माणूस मोठे धाडस करतो. मीही केले.

दिसते तसे नसते

ऐन मे महिन्यात मी एका दुकानात गेलो आणि एक सडपातळ, चकचकीत लॅपटॉप घेऊन आलो. "हा सगळं करतो, सर," असे विक्रेत्याने सांगितले आणि मी ते वेदवाक्य मानले. आमच्या सौ. गणिताच्या शिक्षिका. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, आपल्याला त्याच्यावर काय काम करायचंय, ते त्यांना सांगितलंत का?" मी सांगितले नव्हते.

घरी येऊन भाच्याच्या फोनमधले बारशाचे चित्रण त्यात घातले. चित्र अडखळू लागले. बाळ पाळण्यात जाण्याआधीच पाळणा म्हणून संपला! सोलापूरचा मे म्हणजे पारा चाळिशीच्या वर. त्या सडपातळ देहातला इवलासा पंखा घोंघावू लागला आणि यंत्र स्वतःला जपण्यासाठी आणखी मंद चालू लागले. चार दिवसांत त्याची साठवणही भरली.

शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. पूर्व भागातला, यंत्रमागवाल्यांच्या घरातला मुलगा. आता लग्नाच्या चित्रणांचे संकलन करून पोट भरतो. त्याने लॅपटॉप उलटा-सुलटा करून पाहिला.

"कशाला घेतलाव सर हे? काय विणायचंय ते ठरल्याशिवाय माग घेतात का कुणी? टॉवेलचा माग वेगळा, चादरीचा वेगळा."

वर्गात जो मुलगा कधी तोंड उघडत नसे, त्याने त्या संध्याकाळी माझा तासभर वर्ग घेतला.

मोडी आणि बाळबोध

त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. माझी समजूत अशी होती, की जुनी कॅसेट म्हणजे अवघड काम आणि फोनचे चित्रण म्हणजे सोपे. खरा प्रकार उलटा आहे. आपल्याकडच्या जुन्या कॅसेटचे चित्र सेकंदाला २५ चौकटींचे आणि आकाराने लहान. ते संगणकात उतरवले तर तासाला साधारण १३ गिगाबाइट जागा घेते आणि कुठलाही साधा संगणक ते सहज पेलतो.

फोनचे 'फोर-के' चित्रण मात्र मुळातच प्रचंड. ते खिशातल्या फोनमध्ये मावावे म्हणून आवळून लिहितात. अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदलले त्याची नोंद. 'एच.२६५' ही त्यातली एक पद्धत. मोडी लिपी जशी हात न उचलता झरझर लिहिता येते, पण वाचायला जाणकार लागतो, तसेच हे. बाळबोध कुणीही वाचील. मोडीला मोडी वाचणाराच हवा.

हा मोडीवाचक प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात बसवलेला असतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये त्याचे नाव 'क्विक सिंक'. २०११ पासून तो येऊ लागला आणि सातव्या पिढीपासून 'एच.२६५' चांगले वाचू लागला. मात्र ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, त्यात अंगचे ग्राफिक्स नसते, म्हणून हा वाचकही नसतो. तो थोडा स्वस्त मिळतो आणि आपल्यासारखे तिथेच फसतात.

आणि वाचक नसलेलाच संगणक घरात असेल तर? मूळ चित्रणाच्या हलक्या, छोट्या प्रती काढाव्यात. त्यांना 'प्रॉक्सी' म्हणतात. कापणे-जोडणे त्यांच्यावर करावे आणि शेवटी यंत्राला मूळ चित्रणावरून चित्रपट तयार करू द्यावा. पैशांऐवजी वेळ जातो, एवढेच.

फाळक्यांचा वाटाणा

घरात बसून चित्रपट जोडण्याचा हा उद्योग काही आमच्यापासून सुरू झालेला नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले. तिथे गेल्या गेल्या त्यांनी दुकान गाठले नाही. 'बायोस्कोप' या पत्राच्या संपादकांचा सल्ला घेतला, हेपवर्थ यांच्या स्टुडिओतले काम डोळ्यांनी पाहिले आणि मग विल्यमसन कॅमेरा व फिल्मला भोके पाडायचे यंत्र घेतले. परत आल्यावर एकदम 'राजा हरिश्चंद्र' काढायला घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याचा वेल कसा वाढतो त्याचे चित्रण केले आणि ते छोटे चित्र दाखवून भांडवल उभे केले. दादरच्या घरात फिल्मला भोके पाडण्याचे, ती धुण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला.

सल्ला, पाहणी, मग खरेदी आणि खरेदीनंतर छोटी परीक्षा! हा क्रम शंभर वर्षांनंतरही बदललेला नाही. या वेळी मी दुकानात गेलो तो माझा वाटाणा घेऊनच, म्हणजे भाच्याचे तेच बारशाचे चित्रण पेनड्राइव्हवर घालून. "हे तुमच्या यंत्रावर चालवून दाखवा," म्हटले. दुकानदार चपापला, पण त्याने दाखवले.

आम्ही काय घेतले

टेबलावरचा, ऐसपैस खोक्याचा संगणक घेतला. लॅपटॉप कन्येच्या अभ्यासाला गेला. खोके मोठे असले की वारा खेळतो आणि एखादा भाग पुढे बदलता येतो. ते बंद कपाटात ठेवू नये. महिन्या-दोन महिन्यांनी धूळ झाडावी. आमच्या गावात तर धुळीबरोबर सुताची कुसही उडते.

प्रोसेसर मधल्या दर्जाचा, सहा कोअरचा, पण अंगच्या ग्राफिक्सचा. रॅम म्हणजे काम पसरायचे टेबल; पेपर तपासताना टेबल अपुरे पडले की गठ्ठे खाली-वर करण्यातच वेळ जातो. आठ गिगाबाइट अपुरी पडते, सोळा घ्यावी आणि वाढवायला एक खाच रिकामी ठेवावी. चालू काम एसएसडीवर करावे. आम्ही एक टेराबाइटची घेतली. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही. रंग सुधारणे, नाना करामती करणे ज्यांना रोज करायचे, त्यांनी ते जरूर घ्यावे. कापणे, जोडणे, नावे घालणे यांना त्याची वाण पडत नाही. संकलनासाठी केडेनलाइव्ह आणि शॉटकट मोफत मिळतात. दा विंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे. पडदा जुनाच वापरला. वीज गेली तर काम जतन करून यंत्र नीट बंद करता यावे म्हणून लहानसा यूपीएस घेतला.

विद्यार्थ्याने आणखी एक सांगितले होते. "सर, दोन हार्ड डिस्क घ्या. एक इथं, एक बहिणीकडं." हिशेब हाताबाहेर चालला होता. मी एकच घेतली. दुसरी पुढच्या महिन्यात, असे ठरवले.

जे राहिले नाही

विद्यार्थ्याने आपला जुना व्हीसीआर दिला. जपानची फुनाई कंपनी जगातले शेवटचे व्हीसीआर बनवत होती. तिनेही २०१६ साली ते थांबवले. त्यामुळे चालू स्थितीतला व्हीसीआर ही आता दुर्मिळ वस्तू आहे. तीन तासांची कॅसेट तीन तासांत उतरली. वडिलांची मंगलाष्टके मी हेडफोन लावून एकदा ऐकली. आईला ती त्या दिवशीच ऐकवायची म्हणून कुणालाच ऐकवली नाहीत. सगळे हार्ड डिस्कवर ठेवले आणि निश्चिंत झालो.

दिवाळीच्या साफसफाईत ती डिस्क टेबलावरून पडली. ती माझ्याच हातून पडली. पुन्हा उठली नाही.

कॅसेट परत लावली. जुनी फीत व्हीसीआरमध्ये अडकली आणि तुटली. चाळीस मिनिटे हाती लागली. मंगलाष्टके त्यांत नव्हती.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा; तोही आज आपल्याकडे संपूर्ण नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि हजारो रिळे जळाली. ज्यांच्या प्रती दुसरीकडे होत्या ते चित्रपट तेवढे वाचले. एवढ्या मोठ्या संस्थेला जो नियम, तोच आमच्या दोन खोल्यांच्या संकलन-खात्याला. प्रती तीन असाव्यात. त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक तरी प्रत घराबाहेर असावी. म्हणून खरेदीला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगतो, की आधी साठवणीचे पैसे बाजूला काढा आणि उरलेल्यातून वेग विकत घ्या. मंद यंत्र फार तर रात्रभर जागवते. गेलेले चित्रण कुठलेही यंत्र परत आणत नाही.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी चित्रपट दाखवला. त्या चाळीस मिनिटांत वडील एकदाच बोलतात. चित्रण करणाऱ्याला म्हणतात, "आधी पाहुण्यांचं जेवण होऊ द्या, मग माझा फोटो घ्या." वाक्य संपताच आई हसली. पुन्हा लावायला सांगितले. मी ते सहा वेळा लावले.

रात्री तिला मंगलाष्टकांचे खरे काय ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला ती पाठ आहेत रे. पण तुझ्या मुलीला कुठून ऐकू येणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला खिडकीपाशी बसवले आणि कन्येने फोनवर ती मंगलाष्टके आईच्या आवाजात उतरवून घेतली. चाल वडिलांचीच. त्या चित्रणाच्या आता तीन प्रती आहेत. एक पुण्याला ताईकडे आहे.