संगणकांची वस्ती आणि तिची आखणी

कचेऱ्यांत, ग्रंथालयांत आणि महाविद्यालयांत संगणक आतां इतके झाले आहेत कीं, त्यांची एक वस्तीच बनली आहे. वस्ती म्हटली म्हणजे पत्ते आले, आणि पत्ते आले म्हणजे आळ्या आल्या. ही आखणी कशी करावी आणि ती चुकली असतां काय होतें, याचा आज विचार करूं.

संगणकाचा आयपी पत्ता म्हणजे शून्य व एक या दोनच अंकांनीं लिहिलेली ३२ अंकी संख्या. सोयीसाठीं तिचे चार भाग पाडून प्रत्येक भाग ० ते २५५ या आंकड्यांत लिहितात, उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.१३०. या संख्येचा डावीकडील भाग आळी सांगतो व उजवीकडील भाग घर. परंतु दोहोंमधील सीमा पत्त्यांत लिहिलेली नसते. ती 'मास्क' नांवाची दुसरी संख्या दाखविते. मोठ्या जाळ्याच्या अशा आळ्या पाडण्याची पद्धति १९८५ सालीं प्रमाणित झाली. या आळीस सबनेट म्हणतात.

निरोप पाठवितांना संगणक प्रथम मास्कास विचारतो : ज्याच्याकडे निरोप जावयाचा, तो आपल्याच आळींतला आहे काय? असल्यास तो आळींत हांक मारून त्यास शोधतो. नसल्यास निरोप वेशीवरील राउटरच्या स्वाधीन करतो.

समजा, एका महाविद्यालयाजवळ १९२.१६८.१०.० पासून २५६ पत्ते आहेत. कचेरीस १००, ग्रंथालयास ५०, प्रयोगशाळेस २५ आणि खुद्द स्विचांस १० पत्ते हवेत. आळीचा आकार १६, ३२, ६४, १२८ असा दुपटीनेंच वाढतो, आणि तिचा आरंभ तिच्या आकारानें भाग जाणाऱ्या आंकड्यावरच व्हावा लागतो. शिवाय पहिला आंकडा आळीच्या नांवाकडे व शेवटचा सर्वांस एकदम हांक मारण्याकडे जातो. म्हणून ६४ च्या आळींत घरें ६२ च.

यासाठीं मोठी आळी आधीं आखावी. कचेरीस ० ते १२७, ग्रंथालयास १२८ ते १९१, प्रयोगशाळेस १९२ ते २२३, स्विचांस २२४ ते २३९. उरलेले १६ पुढील वाढीसाठीं. याउलट, स्विचांस ० पासून व ग्रंथालयास १२८ पासून जागा दिली, तर १७६ पत्ते शिल्लक असूनहि कचेरीची १२८ ची आळी कोठेंच बसणार नाहीं. पत्ते आहेत, पण जागा नाहीं!

स्विचावर प्रत्येक आळीसाठीं निराळा व्हीलॅन ठेवावा, म्हणजे एकीची हांक दुसरींत जात नाहीं. आतां ग्रंथालयांतील एका यंत्रास २५५.२५५.२५५.१९२ ऐवजीं २५५.२५५.२५५.० हा मास्क दिला गेला, तर तें कचेरीस आपल्याच आळींत शोधीत बसतें आणि उत्तर येत नाहीं. बाहेरच्या जगाशीं मात्र त्याचा व्यवहार सुरळीत चालतो! म्हणूनच हा दोष लवकर ध्यानांत येत नाहीं. तक्रार आल्यास मास्क आधीं पाहावा.

स्विचांची आळी वेगळी ठेवण्यांत आणखी एक हेतु आहे. स्विचाचा स्वतःचा पत्ता त्याच्या कारभारासाठीं असतो. वाचनालयांतील कोणाहि आगंतुकास तेथवर पोंचतां येऊं नये. मात्र निराळी आळी पुरेशी नव्हे. राउटरवर तसा नियमहि घालावा लागतो.

स्विच, छपाईयंत्रें व सर्व्हर यांस कायमचे पत्ते द्यावेत; इतरांस डीएचसीपीनें तात्पुरते मिळूं द्यावेत. कायमचे पत्ते त्या वांटपांतून वगळावेत, नाहीं तर एकाच पत्त्याचे दोन धनी उभे राहतात. आणि या सर्वांची नोंदवही ठेवावी. कारण आखणारा मनुष्य बदलतो, जाळें मात्र मागें राहतें, आणि त्याच्या जागीं येणाऱ्यास त्या वहीखेरीज वाटाड्या नसतो.