रेक्झिनसाठी मशीन घेताय? आधी फीड बघा

परवा घाटकोपरला रिक्षाच्या सीट शिवणाऱ्या एका कारागिराकडे थांबलो. शर्टाच्या साध्या मशीनवर फोमसकट रेक्झिन चाललं होतं. खालचा थर पुढे, वरचा मागे!

दोष हाताचा नाही. साध्या मशीनमध्ये माल फक्त खालची दाती ओढते. जाड मालाला कंपाउंड फीड हवं, म्हणजे दाती, सुई आणि वरचा पाय तिन्ही एकत्र पुढे सरकतात. जुकीचं डीएनयू-१५४१ या जातीचं: टाका ९ मिमीपर्यंत, गुडघ्याने पाय १६ मिमी उचलतो.

साध्या मशीनची डीबी×१ सुई इथे चालत नाही, डीपी×१७ लागते. जाड नायलॉन दोऱ्याला २२ नंबर घ्या. बारीक सुईत दोरा घासून तुटतो आणि आपण उगाच टेन्शन पिळत बसतो.

जुन्या मशीनवर क्लच मोटर असेल तर ती आधी बदला. सर्वो मोटर कोपऱ्यावर एकेक टाका टाकू देते, वीजही कमी खाते. बजेट नसेल तर मोटरची पुली लहान बसवा. वेग उतरतो, जोर वाढतो. माझ्या मते नव्या मशीनच्या आधी हाच खर्च करावा.

पावसाळ्यात ताडपत्रीचं काम घेत असाल तर ओला माल मशीनवर ठेवूच नका. रात्री सुईची पट्टी, हुक पुसून मशीनचंच तेल द्या. खोबरेल अजिबात नको, ते चिकट होऊन बसतं.

तुम्ही काय शिवता, किती थर, ते कमेंटमध्ये लिहा. सुई-दोरा सुचवतो.