युद्धनौकेची पहिली प्रतिकृती



बेळगाव-निपाणीकडच्या मुलांना समुद्र फार लांब नाही. पण तो घाटाखाली आहे, आणि मध्ये सह्याद्री आडवा पडला आहे. तंबाखूच्या आणि उसाच्या शेतांवरून शाळेला येणाऱ्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी युद्धनौका पाहिली असेल ती चित्रातच. चित्रात तिची लांबी दिसते, उंची दिसते. रुंदी मात्र दिसत नाही, आणि जहाजाचे सारे मर्म तर त्या रुंदीत असते. म्हणून ज्याला युद्धनौका समजून घ्यावयाची आहे त्याने ती एकदा स्वतःच्या हातांनी करून पाहावी, असे माझे मत आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती करणे हा शिक्षणाचा भाग मानला जातो, तो काही उगाच नव्हे.

पहिल्या प्रयत्नासाठी कोणते जहाज निवडावे? मुलांना विचाराल तर दोनच उत्तरे मिळतात. एक, कान्होजी आंग्र्यांचे गुराब, दुसरे, ‘विक्रांत’. दोन्ही उत्तरे अभिमानाची आहेत, आणि दोन्ही नवशिक्याला अडचणीत टाकणारी आहेत. गुराबाची वर्णने आहेत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने तीन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे ३०० टनांचे असते, गलबत ७० टनांच्या वर क्वचितच जाते आणि त्याला चाळीस-पन्नास वल्ही असतात, असे लिहून ठेवले आहे. पण वर्णन म्हणजे आराखडा नव्हे. वर्णनावरून केलेली वस्तू सुंदर होईल. ती प्रमाणबद्ध आहे असे छातीठोकपणे कोण सांगेल? मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेल्या ‘त्रिंकोमाली’चीच गोष्ट पाहा. तिचे नकाशे घेऊन येणारे ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकन जहाजाशी झालेल्या लढाईत गमावले, आणि नकाशांच्या नव्या प्रती विलायतेहून मागवाव्या लागल्या. मग १८१७ साली ती नौका पाण्यात उतरली. इतके कसबी कारागीर हाताशी असूनही आराखड्यावाचून काम अडले. (ती नौका इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.)

‘विक्रांत’ची गोष्ट निराळी. १९६१ साली नौदलात आलेली पहिली ‘विक्रांत’ २१३ मीटर लांब होती. आपण पुढे जे प्रमाण घेणार आहोत त्या प्रमाणात ती एक मीटरहून लांब होते, आणि घरातले टेबल व घरातील वडीलधाऱ्यांची सहनशीलता, दोन्ही अपुरी पडतात.

मी सुचवितो ती ‘बेतवा’. ही इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठी बांधलेली आणि १९६० साली आपल्या नौदलात दाखल झालेली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. तिचा आपल्या भागाशी संबंध आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीसाठी सैन्याची १७ वी डिव्हिजन बेळगाव परिसरात गोळा झाली होती. १८ डिसेंबरला फौजा घाट उतरल्या, आणि त्याच दिवशी ‘बेतवा’ व ‘बियास’ या दोन भगिनी-नौकांनी मुरगाव बंदरात ‘आफोन्सो द आल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेशी लढाई दिली.

आता प्रमाण. ‘बेतवा’ची लांबी १०३.६ मीटर आणि रुंदी सुमारे १२.२ मीटर. प्रमाण धरू एकास दोनशे. म्हणजे खऱ्या जहाजाचा एक मीटर आपल्या प्रतिकृतीत पाच मिलिमीटर. लांबी होते ५१.८ सेंटिमीटर, रुंदी ६.१ सेंटिमीटर. डेकवर उभा असलेला खलाशी साडेआठ मिलिमीटरचा, आणि त्याच्यापुढचा कठडा सुमारे पाच मिलिमीटरचा. ही दोन मापे एका चिठ्ठीवर लिहून कामाच्या जागी चिकटवून ठेवावी. पुष्कळ प्रतिकृती बिघडतात त्या याच ठिकाणी: जहाज बरोबर असते, पण कठडा इतका उंच होतो की खलाशाला पलीकडचा समुद्र दिसू नये.

उरलेल्या मापांसाठी त्रैराशिक पुरते. जहाजाच्या कुशीचे अगदी समोरून घेतलेले छायाचित्र मिळवावे. समजा, त्यात जहाज २०.७ सेंटिमीटर लांब दिसते. तर छायाचित्रातील प्रत्येक माप अडीचपट केले की आपले माप मिळाले. डोलकाठीची उंची, तोफेची जागा, पुलाची, म्हणजे कप्तान उभा राहतो त्या मजल्याची, उंची, सारे या एका गुणाकाराने निघते. छायाचित्र तिरपे असेल तर मात्र लांबी आखूड दिसते आणि गणित फसवते.

लाकूड आपल्या परिसरात उत्तम मिळते. सावंतवाडीचे चितारी खेळण्यांसाठी पांगारा वापरतात. तो हलका, मऊ आणि पटाशीला वश होणारा आहे. गोकाकची लाकडी फळे करणाऱ्यांचे लाकूडही हलकेच असते. पहिल्या वेळी जहाजाचा पाण्यावरचा भागच करावा. पाण्याखालचा भाग, सुकाणू, पंखे हे दुसऱ्या खेपेस. एक कागद लांबीत दुमडून त्यावर डेकची अर्धीच आकृती काढावी आणि घडीसह कापावी. कागद उलगडला की दोन्ही बाजू आपोआप सारख्या. ती आकृती फळीवर उतरवून मधोमध एक रेषा ओढावी, आणि ती रेषा शेवटपर्यंत पुसू देऊ नये. डोलकाठ्या, तोफा, पूल, सर्वांचा हिशेब तिच्यावरून होतो. तासताना हत्यार रुंद भागाकडून निमुळत्या टोकाकडे न्यावे, म्हणजे ते लाकडाच्या रेषांत घुसत नाही. पुढचे तोंड, ज्याला कोकणात नाळ म्हणतात, ते वर पसरट आणि पाण्याशी बारीक असते. तेथे घाई चालत नाही. पुठ्ठ्याचे लहान फर्मे करून एकदा डाव्या, एकदा उजव्या कुशीला लावून पाहावे. मग काचकागद, लांबी, पुन्हा काचकागद.

‘बेतवा’ला नेहमीसारखे धुराडे नव्हते, हे ध्यानात ठेवावे. तिची डिझेल इंजिने धूर सोडीत ती दोन्ही डोलकाठ्यांच्या पोटातून. नवशिका हटकून एक भले थोरले धुराडे बसवितो, कारण जहाज म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे धुराडे येते. तोफा चार: पुढे जोडी, मागे जोडी. साडेचार इंची तोफेची नळी साधारण ५.१ मीटर लांब. आपल्या प्रमाणात सव्वीस मिलिमीटर, म्हणजे नेहमीची टाचणी जवळजवळ तेवढीच. बुडाशी पातळ कागदाचा वेढा द्यावा, की झाली तोफ. डोलकाठ्यांना खराट्याचे हीर चालतात. शोभेसाठी पाचवी तोफ बसवावी असा मोह मुलांना होतो. तो मी होऊ देत नाही.

प्रतिकृती पाण्यात सोडण्याचा हट्ट पुढेमागे होणारच, तेव्हा वजनाचा हिशेबही सांगून ठेवतो. लांबी दोनशेपट घटली की रुंदी आणि उंचीही तितकीच घटते, म्हणून घनफळ ऐंशी लाखपट घटते. पूर्ण भरलेली ‘बेतवा’ सुमारे अडीच हजार टनांची. तिची बरोबर तरंगणारी प्रतिकृती तीनशे ग्रॅमच्या जरा वर भरली पाहिजे. तेही वजन खाली हवे. वरचा भाग जड झाला की ती कुशीवर निजते. खऱ्या जहाजांनाही तोल सोडीत नाही: याच नावाची नंतरची ‘बेतवा’ डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या गोदीतून बाहेर काढताना कलंडली आणि दोन नौसैनिक प्राणास मुकले.

एक जहाज पुरे झाल्यावर हात बसलेला असतो. तेव्हा त्याच प्रमाणात ‘आल्बुकर्क’ही करावे. तिची लांबी ९९.७ मीटर, म्हणजे ४९.८ सेंटिमीटर. दोन्ही शेजारी ठेवली की पाहणारा चकित होतो, कारण लांबीत फरक बोटभर. मग तो विचारतो, लढत अशी एकतर्फी का झाली? उत्तर लांबीत सापडत नाही. पोर्तुगीज नौका १९३० नंतरच्या दशकातली, तिच्या चार तोफा सुट्यासुट्या बसविलेल्या. समोर दोन नव्या नौका, जोडतोफांच्या. तरीही ती लढली, तिचा कप्तान आरागांव गंभीर जखमी झाला, आणि अखेर ती किनाऱ्याला लावण्यात आली. आपल्या शाळांतून ‘आल्बुकर्क’ लहान आणि वेडीवाकडी करून ठेवण्याची प्रवृत्ती दिसते. ती शत्रूची होती हे खरे. पण फूटपट्टीला शत्रू-मित्र ठाऊक नसतो. दोहोंच्या पायथ्याशी चिठ्ठी लावावी, आणि तीवर नौकेचे नाव, १८ डिसेंबर १९६१ ही तारीख, आणि प्रमाण एकास दोनशे, एवढेच लिहावे.