देताय की टाकताय?

सेमिस्टर संपली, रूम रिकामी करायची वेळ आली, की जुन्या जीन्स, चादरी, अर्ध्या भरलेल्या वह्या एकाच पिशवीत कोंबायच्या आणि म्हणायचं, ‘डोनेट करून टाकू.’ दोस्तांनो, सगळा घोळ त्या ‘टाकू’मध्येच आहे!

अंशू गुप्ता यांनी नोकरी सोडून १९९९मध्ये ‘गूंज’ सुरू केली. २०१५मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ‘गूंज’चा फंडा साधा आहे. गावकरी एकत्र येऊन विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमांचा मोबदला म्हणून कपडे, घरातल्या वस्तू घेतात. कुणापुढे हात पसरावा लागत नाही. जुन्या सुती कापडाचे सॅनिटरी पॅड बनतात आणि एका बाजूने कोऱ्या असलेल्या कागदांच्या वह्या.

पण हे जमायचं, तर आपल्या पिशवीत कामाचं काहीतरी हवं ना? म्हणून कपडे धुऊन, नीट वाळवून द्या. बुटांच्या लेस एकमेकींना बांधा, जोडी फुटली की दोन्ही बूट वाया. सॅकची चेन बिघडलीय? आधी दुरुस्त करा. बाद चार्जर, इअरफोन ई-कचऱ्यात. फाटकी अंतर्वस्त्रं तर पिशवीत नकोच. ती कुणालातरी हातानं निवडावी लागतात. आणि संस्थेला काय हवंय, ते आधी फोन करून विचारा.

तरी डाऊट असेल, तर एकच टेस्ट. ही वस्तू तुम्ही तुमच्या जिवलग मित्राच्या हातात द्याल? मग बिनधास्त भरा पिशवी!