दुसऱ्याच्या वर्गातील पाठनिरीक्षण : शिरूर व दौंड येथील दोन मराठी तासांच्या निमित्ताने

भाषेचा एक शिक्षक दुसऱ्याच्या वर्गात जाऊन बसला, की तो काहीतरी तपासावयास आला आहे असा समज आपल्याकडे होतो, आणि तो निराधार नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले व त्याबरोबर शाळातपासणीची यंत्रणा आली. ‘दिपोटी’ हा शब्द मराठीत रुळला तो त्यामुळेच. अध्यापक विद्यालयांतील निरीक्षणवहीही याच परंपरेतली. फलकलेखन, प्रश्नकौशल्य, वर्गनियंत्रण असे रकाने आणि प्रत्येकापुढे एकेक शेरा! ज्या निरीक्षणाचा लाभ पाहिल्या जाणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याला अधिक होतो, अशा निरीक्षणाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

त्यासाठी शिरूर व दौंड हे तालुके मुद्दाम निवडले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे शिरूर तालुक्यात हिंदी बोलणारी अनेक कुटुंबे आलेली आहेत. दौंड हे १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाल्यापासून रेल्वेचे जंक्शन. तेथे नाना प्रांतांतील माणसे नोकरीनिमित्त येत राहिली. शिवाय गळीत हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडणी कामगार मुलाबाळांसह येतात. ‘मातृभाषेचा तास’ असे आपण ज्याला म्हणतो, तो या वर्गांतील काही मुलांच्या दृष्टीने परभाषेचा आणि काहींच्या दृष्टीने दुसऱ्या बोलीचा तास असतो. शाळांची व शिक्षकांची नावे येथे देत नाही.

शिरूरच्या वर्गात एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, माझी पुस्तक घरी राहिली.” बाई म्हणाल्या, “तुझं पुस्तक घरी राहिलं का? बरं, शेजारणीच्या पुस्तकात बघ.” मुलगी “हो” म्हणून बसली. मी वहीत लिहिले : ‘दोषनिवारण सौम्य व कुशल.’ थोड्या वेळाने तीच मुलगी शेजारणीला सांगत होती, “तुझी पुस्तक फाटली.” हिंदीत लिंगे दोन आणि ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, तेव्हा मुलीचे वाक्य नियमबाह्य नव्हतेच, नियम दुसऱ्या भाषेचा होता. बाईंनी शुद्ध रूप उच्चारले ते तिने आशयाला दिलेले उत्तर म्हणून ऐकले. रूपाकडे तिचे लक्ष गेले नाही. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचे लिस्टर व रांटा यांनी केलेले निरीक्षण १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही शिक्षकांनी केलेल्या दुरुस्तीपैकी निम्म्याहून अधिक दुरुस्ती अशा शुद्ध पुनरुच्चाराची होती, आणि विद्यार्थ्याकडून प्रतिसाद मिळविण्यात तीच सर्वांत दुबळी ठरली. मी पहिला शेरा खोडला व लिहिले : ‘दुरुस्ती निष्फळ.’

तास संपल्यावर बाईंना दोन्ही वाक्ये वाचून दाखविली. दुसरे वाक्य त्यांनी ऐकलेच नव्हते. त्या तेव्हा फळ्याकडे वळलेल्या होत्या. भरलेला वर्ग चालविणाऱ्या व्यक्तीला ते ऐकू येणे कठीणच, आणि रिकाम्या हाताने बसलेल्या पाहुण्याचा खरा उपयोग असेल तर तो येथे. परंतु बाई पुढे जे म्हणाल्या ते मला शेवटच्या बाकावरून दिसण्याजोगे नव्हते. “सर, ही मुलगी दिवाळीपर्यंत वर्गात एक शब्द बोलली नव्हती. आत्ता कुठं बोलायला लागलीय. तिला थांबवून ‘पुस्तक’चं लिंग शिकवत बसले, तर ती पुन्हा गप्प होईल.” दुसरा शेराही खोडावा लागला. एन. एस. प्रभू यांनी १९९० मधील आपल्या प्रसिद्ध लेखात असे प्रतिपादिले, की सर्वोत्तम अध्यापनपद्धती अशी कोणतीच नसते. आपल्या अध्यापनातून शिकणे कसे घडते याविषयी शिक्षकाची स्वतःची जी जिवंत समजूत असते, तिला महत्त्व आहे. ही समजूत पाहणाऱ्याला दिसत नाही, ती विचारावी लागते. मी मात्र आधी शेरे लिहिले होते आणि नंतर विचारले होते.

दौंडच्या वर्गात गावाहून केव्हा आलात असे विचारताच एक मुलगा म्हणाला, “आम्ही दिवाळी झाल्यावर आलाव.” काही मुले हसली. गुरुजींनी फळ्यावर ‘आम्ही आलो’ आणि ‘आम्ही आलाव’ अशी दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली, “दोन्हींत काय फरक आहे?” असे विचारले, आणि ते गप्प उभे राहिले. पुढचा प्रश्न ते विसरले असावेत असे मला वाटले. ‘पाठात खंड’ असे लिहिण्यासाठी लेखणी उचललीही होती. तेवढ्यात तोच मुलगा म्हणाला, “पुस्तकात ‘आलो’ असतंय, आमच्यात ‘आलाव’ म्हणत्यात.” प्रमाणभाषा व बोली यांवर मी देत असलेल्या व्याख्यानाचा निम्मा भाग या एका वाक्यात आला होता, आणि तो त्या मुलाला कोणी सांगितलेला नव्हता. मेरी बड रो यांनी अमेरिकेतील विज्ञानाच्या वर्गांत प्रश्नानंतरची शांतता मोजली होती. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात व एरवी मुकी राहणारी मुले बोलतात, असे त्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. हे मी अनेकदा शिकविलेले आहे.

परत आल्यावर स्वतःचा एक तास ध्वनिमुद्रित करून ऐकला. प्रश्न आणि माझेच उत्तर यांच्यामध्ये श्वास घेण्याइतकीही जागा नव्हती. त्याहून अस्वस्थ करणारी एक आठवण जागी झाली. मागील वर्षी चर्चासत्रात मराठवाड्यातील एक विद्यार्थी “आम्ही क्षेत्रकार्याला गेलाव” म्हणाला, तेव्हा मी हसतमुखाने “गेलो” अशी दुरुस्ती केली होती. त्या सत्रात तो पुन्हा बोलला नाही. मी त्याला अबोल समजत होतो.

जपानमधील ‘जुग्यो केन्क्यू’ या प्रथेत शिक्षक मिळून पाठ आखतात, एकजण शिकवितो, बाकीचे पाहतात आणि मग चर्चा होते ती पाठाची, शिकविणाऱ्याची नव्हे. आपल्या जिल्हा परिषद शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांतही पाठ सादर होतात. पण ते ‘आदर्श पाठ’ असतात, आणि आदर्श पाठात मुलगी ‘माझी पुस्तक’ म्हणत नाही.

निरीक्षणासाठी मी आता पानाचे दोन भाग करतो. डावीकडे फक्त उच्चारलेली वाक्ये, ती कोणाची, आणि त्यानंतर कोण बोलले, शांतताही सेकंदांत. उजवी बाजू शिक्षकाशी बोलणे होईपर्यंत कोरी ठेवावयाची. येत्या सत्रात विभागातील अध्यापकांनी एकमेकांच्या तासांना बसावे असे ठरले आहे. पहिला तास माझा आहे.