जावा प्रकल्पांतील ‘चेकस्टाइल’चे विशिष्ट इशारे दडपण्याच्या पद्धती : एक विवेचन

प्रस्तावना :
अनेकांनी मिळून लिहिलेल्या आज्ञावलीत एकवाक्यता राहावी, यासाठी शैलीनियम आवश्यक ठरतात. जावा भाषेतील लेखन अशा नियमांशी ताडून पाहणारे ‘चेकस्टाइल’ हे मुक्त साधन ऑलिव्हर बर्न यांनी २००१ मध्ये सुरू केले. परंतु प्रत्येक इशारा दोषदर्शक असतोच असे नाही. पाचचे फॅक्टोरियल १२० येते हे तपासणाऱ्या चाचणीत ‘मॅजिक नंबर’ हा नियम ५ आणि १२० या दोन्ही संख्यांवर आक्षेप घेतो. त्यांना स्वतंत्र नावे देऊन अर्थात मात्र भर पडत नाही. असे इशारे दडपण्याच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय विवेचन :
१) स्वतंत्र एक्सएमएल फाइल : तीत फाइलचे व नियमाचे नाव नमुन्याच्या रूपाने नोंदवतात. साधनांनी आपोआप निर्माण केलेल्या फाइलींसाठी ही पद्धत योग्य होय. ओळ क्रमांकही देता येतात; मात्र वर एखादी ओळ वाढताच ते चुकीच्या जागी लागू होतात.

२) ॲनोटेशन : जावाच्या पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २००४ मध्ये, ‘सप्रेस वॉर्निंग्ज’ हे ॲनोटेशन आले. त्यात नियमाचे नाव लिहिल्यास केवळ त्या वर्गापुरता, मेथडपुरता किंवा चलापुरता इशारा थांबतो. यासाठी चेकस्टाइलच्या मांडणीत ‘ट्री वॉकर’च्या आत होल्डर आणि ‘चेकर’च्या आत फिल्टर, असे दोन्ही घटक नोंदवावे लागतात, होल्डर राहून गेल्यास ॲनोटेशन निष्प्रभ ठरते. इम्पोर्ट विधानांवर ॲनोटेशन लिहिता येत नाही.

३) टिप्पणी : संबंधित फिल्टर नोंदवल्यावर ‘चेकस्टाइल ऑफ’ व ‘चेकस्टाइल ऑन’ या अर्थाच्या टिप्पण्यांमधील भाग वगळला जातो. ‘ऑन’ लिहिण्याचे राहिल्यास फाइलच्या अखेरपर्यंतचे इशारे थांबतात. मूळ मांडणीत तर सर्वच नियमांचे.

व्याप्तीचा प्रश्न :
‘स्विच’ विधानातील एका ‘केस’मध्ये ‘ब्रेक’ हेतुपुरस्सर गाळला आहे, असे समजू. त्यासाठी संपूर्ण वर्गावर ‘फॉल थ्रू’ नियम दडपला, तर पुढे त्याच वर्गात कोणी ‘ब्रेक’ विसरल्यास तो खरा दोषही निःशब्द राहतो. वस्तुतः त्या जागी ‘फॉल थ्रू’ अशी टिप्पणी लिहिली तरी हा नियम तेवढ्यापुरती सूट देतो. हेतू वाचकालाही कळतो आणि उर्वरित वर्गावरील पहारा कायम राहतो.

निष्कर्ष :
इशारा दडपणे म्हणजे नियमाला दिलेला अपवाद होय. तो एका नियमापुरता व शक्य तितक्या लहान भागापुरता असावा. त्याचे कारण शेजारीच नोंदवावे आणि कारण संपताच तो काढून टाकावा. एकाच नियमाला वारंवार अपवाद करावे लागत असतील, तर तो नियमच प्रकल्पास अनुरूप आहे काय, याचा फेरविचार करणे इष्ट ठरते.