ट्रेलरवर किती विसंबायचं?

नव्या चित्रपटाचा ट्रेलर आला की तासाभरात दोन मतं ऐकू येतात. ‘सगळंच दाखवलंय, आता पिक्चर कशाला बघायचा?’ हे एक. ‘यातून काही कळतच नाही’ हे दुसरं. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच असते, की ट्रेलर म्हणजे चित्रपटाचा सारांश. खरं तर ती तिकीट विकण्यासाठी केलेली जाहिरात आहे, आणि तशीच ती बघायला हवी.

गैरसमज : ट्रेलरमध्ये दिसतं ते चित्रपटात असतंच.

वस्तुस्थिती : १९६० च्या ‘सायको’चा ट्रेलर सहा मिनिटांहून लांब आहे. आल्फ्रेड हिचकॉक स्वतः वाटाड्यासारखे सेटवरून हिंडतात, जिना दाखवतात, इथे काय घडलं ते सांगू लागतात आणि नेमकं महत्त्वाचं येताच विषय बदलतात. शेवटी ते न्हाणीघराचा पडदा सर्रकन ओढतात आणि एक बाई किंचाळते. ती व्हेरा माइल्स. चित्रपटात त्या शॉवरखाली असते जॅनेट ली. म्हणजे ट्रेलरमधला सर्वांत गाजलेला क्षण चित्रपटात नाहीच, तो खास ट्रेलरसाठी चित्रित केलेला.

हिचकॉक यांनी हे मुद्दाम केलं, पण पुष्कळदा ते परिस्थितीने घडतं. पहिला ट्रेलर निघतो तेव्हा चित्रपटाचं संकलन चालूच असतं. ‘रोग वन’ (२०१६) या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या चित्रपटाच्या ट्रेलरमधली कित्येक दृश्यं अंतिम चित्रपटात आली नाहीत. संगीताचंही तेच. ‘द टू टॉवर्स’च्या (२००२) ट्रेलरला लावलेली धून मुळात ‘रेक्विम फॉर अ ड्रीम’ या वेगळ्याच चित्रपटाची. ती मोठ्या वाद्यवृंदावर नव्याने बसवली होती.

गैरसमज : ट्रेलर दिग्दर्शकच कापतो.

वस्तुस्थिती : काही दिग्दर्शक त्यात जातीने लक्ष घालतात, पण हा धंदा वेगळा आहे. हॉलिवूडमध्ये १९१९ साली निघालेल्या ‘नॅशनल स्क्रीन सर्व्हिस’ या कंपनीने अनेक दशकं मोठ्या स्टुडिओंचे ट्रेलर बनवले. आज हे काम स्वतंत्र एजन्सीज करतात आणि ट्रेलर कापणाऱ्यांसाठी १९९९ पासून वेगळे पुरस्कारही आहेत. चित्रपट रटाळ असूनही त्याचा ट्रेलर चटकदार का, याचं उत्तर इथे आहे. दोन्हींवरचे हात वेगळे, दोन्हींचं उद्दिष्टही वेगळं.

गैरसमज : ट्रेलरमधलं गाणं चित्रपटात नसलं, तर ती फसवणूक आणि भरपाई मिळायला हवी.

वस्तुस्थिती : हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तोही महाराष्ट्रातून. २०१६ च्या ‘फॅन’च्या प्रोमोमध्ये ‘जबरा फॅन’ हे गाणं जोरात वाजत होतं, चित्रपटात ते नव्हतं. गाण्याच्या ओढीने सहकुटुंब चित्रपटाला गेलेल्या एका महिलेने ग्राहक मंचाकडे तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य आयोगाने मात्र १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगानेही तो निर्णय कायम ठेवला.

२२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. न्यायालयाचं म्हणणं असं : प्रोमो ही एकतर्फी गोष्ट आहे. प्रेक्षकाने तिकीट घ्यावं म्हणून ती केलेली असते. करार होतो तो तिकीट घेताना, आणि तो चित्रपट दाखवण्याचा. प्रोमोत जे दिसलं ते सगळं मिळेल, असं वचन त्यातून निघत नाही. त्यामुळे इथे सेवेत त्रुटी नाही आणि अनुचित व्यापारी प्रथाही नाही. प्रेक्षकाला वाईट वाटणं साहजिक आहे, पण निव्वळ अपेक्षाभंगाची भरपाई कायदा देत नाही.

गैरसमज : ट्रेलरने गोष्ट फोडली की मजा गेली.

वस्तुस्थिती : २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना १२ लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला होता, आणि बहुतेक कथा त्यांनाच जास्त आवडल्या. पुढच्या काही प्रयोगांत उलटंही दिसलं, तेव्हा हा वाद मिटलेला नाही. ‘कास्ट अवे’च्या (२०००) ट्रेलरने बेटावर अडकलेला नायक घरी परततो हे उघडच दाखवलं होतं. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी त्याचं समर्थनच केलं. काय बघायला मिळणार हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक हवं असतं, असं त्यांचं मत. दुसऱ्या टोकाला आपला ‘सैराट’. शेवटचा प्रसंग ट्रेलरमध्ये नव्हता आणि थिएटरातली ती सुन्न शांतता त्यामुळेच शक्य झाली. कुठल्या चित्रपटाला काय झाकायचं, हे त्या चित्रपटावर ठरतं.

गैरसमज : थिएटरात आणि यूट्यूबवर एकच ट्रेलर, एकच नियम.

वस्तुस्थिती : थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. इंटरनेटवर टाकायच्या ट्रेलरला आधी असं प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही.

गैरसमज : कोट्यवधी व्ह्यूज म्हणजे कोट्यवधी प्रेक्षक.

वस्तुस्थिती : दुसऱ्या व्हिडिओच्या आधी ट्रेलर जाहिरात म्हणून लागला आणि तुम्ही तो ३० सेकंद चालू दिला, तर तोही एक व्ह्यू धरला जातो. एकाच माणसाने पुन्हा पुन्हा पाहिलं तरी आकडा वाढतो. २०१९ मध्ये गायक बादशाहच्या ‘पागल’ या गाण्याने २४ तासांचा विक्रम केल्याचा दावा झाला, जाहिरातींच्या वापरावरून वाद उठला, आणि त्याच वर्षी यूट्यूबने पहिल्या २४ तासांच्या विक्रमांतून पैसे देऊन मिळवलेले व्ह्यूज वगळले. पाच सेकंदांनी ‘स्किप’चं बटण येतं, म्हणून हल्ली ट्रेलरच्या तोंडाशीच स्फोट, पाठलाग आणि नायकाचा चेहरा असा पाच सेकंदांचा तुकडा जोडतात. ट्रेलरच्या आधी ट्रेलरची जाहिरात!

मग ट्रेलर बघून काय ठरवावं? कलाकार कोण, चित्रपट कुठल्या जातकुळीचा, निर्मितीवर खर्च किती झालेला दिसतो, तारीख कोणती, एवढं नक्की कळतं. मध्यंतरानंतर चित्रपट पकड ठेवतो का, हे अडीच मिनिटांत कुणालाच दाखवता येत नाही. ते शुक्रवारचा पहिला खेळ बघून आलेल्या माणसालाच विचारावं.